सहाणेचें चाक आणि आपला डोळा

(हिरकणीवाडी येथें शेतकरी व कारागीर मंडळींसमोर झालेलें व्याख्यान)



रायगडाच्या पायथ्याशीं उभें राहून बोलावयाचें म्हणजे वक्त्यानें तरवारीच्या गोष्टी सांगाव्या, असा रिवाज पडला आहे. मी तरवारीची गोष्ट सांगणार नाहीं. तिला धार लावणाऱ्या हाताची सांगणार आहें. तरवार गाजविणाराचा पोवाडा होतो, पण ती घडविणारा लोहार आणि तिला धार देणारा शिकलगार यांना पोवाड्यांत जागा मिळत नाहीं. न मिळो बापडी. पण त्यांचे हात आणि डोळे तरी शाबूत राहिले पाहिजेत. आजचा विषय तेवढाच आहे.

मी स्वतः लोहाराचा मुलगा. लहानपणीं भाता ओढला, मोठेपणीं मुंबईस जाऊन एका कारखान्यांत सहाणेच्या चाकासमोर उभा राहिलों. हा माझा डावा डोळा पाहा. याला उजेड आणि अंधार कळतो, माणूस ओळखतां येत नाहीं. तो कसा गेला तें पुढें सांगेन. त्यांत कांहीं मोठेपणा नाहीं. पण ज्या दगडाला मी ठेंचाळलों तो तुम्हांला दिसावा, एवढ्याकरितां सांगावयाचें.

तुम्ही म्हणाल, आम्हां नांगर धरणारांना या यंत्रांशीं काय कर्तव्य? तर जरा आपल्या घराकडे पाहा. तुमचें दळण गिरणींत जातें. तुमचा कोयता, विळा, कुऱ्हाड आणि गवत कापण्याच्या यंत्राचें पातें आतां विजेच्या चाकावर घासलें जातें. तुमच्या घराच्या खिडकीची जाळी ज्या दुकानांत झाली तेथें दिवसभर हातांतलें ग्राइंडर किंचाळत असतें, आणि तें धरणारा पोरगा बहुधा तुमच्याच वाडींतला असतो. म्हणजे हें यंत्र तुमच्या उंबऱ्याच्या आंत आलेलें आहे. आलेल्या पाहुण्याचा स्वभाव माहीत नसेल तर घात होतो.

प्रथम हें ध्यानांत घ्या कीं, दळणें आणि घासणें हीं एकाच जातीचीं कामें आहेत. जात्यांत दगड फिरतो व दाण्याचें पीठ करतो. सहाणेंत दगड फिरतो व लोखंडाचें पीठ करतो. सहाणेवरून ज्या ठिणग्या उडतात त्या म्हणजे तापून पेटलेलें लोखंडाचें पीठच होय. भेद एवढाच कीं, जातें आपल्या आयाबहिणींच्या मनगटाच्या जोरावर फिरत होतें. हात दुखला कीं तें थांबे. वीज दुखत नाहीं आणि थांबतही नाहीं. तिला तुमचें बोट आणि जोंधळा यांतला फरक कळत नाहीं.

ही विद्या परदेशांतून आयती आली असेंही समजूं नका. आपल्या देशांतले शिकलगार कुरुंदाची पूड लाखेंत कालवून त्याचें चाक करीत आणि त्यावर हत्यारें घासीत. इंग्रजांनीं तो दगड नेला, त्याबरोबर त्याचें नांवही नेलें. त्यांच्या भाषेंतला ‘कोरंडम’ तो आपलाच कुरुंद. पुढें १८९१ सालीं अमेरिकेंत ॲचेसन नांवाच्या गृहस्थानें माती आणि दगडी कोळशाचा कोक विजेच्या भट्टींत तापविला, आणि त्यांतून हिऱ्याच्या खालोखाल कठीण असे खडे निघाले. तेंच कार्बोरंडम. आपल्या या जिल्ह्यांतही, उरणजवळ मोरा येथें, १९४१ सालीं अशीं चाकें करण्याचा ग्राइंडवेल नांवाचा कारखाना निघाला. म्हणजे चाक आपल्या जिल्ह्यांत होऊं लागलें, पण त्याचें शहाणपण आपल्या वाडीपर्यंत आलें नाहीं. तें आतां आणूं या.

घासण्याच्या यंत्रांचे मुख्य प्रकार सांगतों.

पहिला प्रकार ओट्यावरची किंवा खांबावरची सहाण. मध्यें मोटार आणि दोन बाजूंस दोन चाकें, एक जाड रव्याचें व एक बारीक रव्याचें. लोहाराच्या दुकानांत, गॅरेजांत हीच असते. दुसरा प्रकार हातांतलें ग्राइंडर. आकारानें लहान, पण खोडीनें सर्वांत मोठें. तिसरा प्रकार कारखान्यांतल्या मोठ्या यंत्रांचा: सपाट पृष्ठभाग घासणारें, गोल दांडा घासणारें, आणि दांडा दोन चाकांमध्यें नुसता ठेवून घासणारें. आपलीं मुलें महाडच्या औद्योगिक वसाहतींत, नव्या मुंबईंत, पुण्याकडे अशा यंत्रांवर उभीं राहतात. त्यांना एकच सांगणें: सपाट सहाणेवर जिन्नस लोहचुंबकानें धरलेला असतो, चुंबक चालू आहे कीं नाहीं हें हातानें ढकलून पाहिल्याशिवाय चाक खालीं आणूं नका. चुंबक बंद असेल तर जिन्नस बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. आणि चौथा प्रकार आपली पिठाची गिरणी, मिरची-मसाल्याचें कांडप यंत्र व भातगिरणी. तिच्याविषयीं शेवटीं बोलेन.

आतां चाकाच्या स्वभावाचें मर्म ऐका. चाक म्हणजे सबंध दगड नव्हे. बारीक कठीण रवा कसल्यातरी चिकट वस्तूनें धरलेला असतो. ओट्यावरच्या सहाणेचें चाक बहुधा मातीनें बांधून, कुंभाराच्या मडक्यासारखें भट्टींत भाजलेलें असतें. हातांतल्या ग्राइंडरची चकती राळेनें बांधलेली असून आंत धाग्याची जाळी असते. रवा बोथट झाला कीं गळून पडावा आणि खालचा तीक्ष्ण रवा वर यावा, अशी ही योजना आहे. म्हणून जाणते कारागीर म्हणतात, कठीण लोखंडाला मऊ चाक आणि मऊ लोखंडाला कठीण चाक. पोलादाला तपकिरी किंवा पांढरें चाक. बिडाला व दगडाला काळें, आणि अतिकठीण टोंकाच्या हत्यारांना हिरवें. ॲल्युमिनियम, पितळ, लाकूड हीं या चाकांवर घासूं नयेत. त्यांचा चिकटा रव्यांत भरतो, चाक तापतें आणि तडकतें.

आणि तें तडकतें तेव्हां काय होतें? गोफणींतला दगड आठवा. दोरी सुटली कीं दगड जातो. चाकाचा प्रत्येक कण असा गोफणींत बसलेला असतो, आणि त्याची दोरी म्हणजे तो चिकटा. वेग दुप्पट केला तर दोरीवरचा ताण दुप्पट होत नाहीं, चौपट होतो. हिशेब करूं. सहा इंची चाकाची ओट्यावरची सहाण मिनिटाला सुमारें २,८०० फेरे घेते. तिच्या कडेचा वेग ताशीं सुमारें ८० किलोमीटर होतो. हातांतलें चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारें ११,००० फेरे घेतें. त्याच्या कडेचा वेग ताशीं २०० किलोमीटरांवर जातो. आतां आपले शहाणे काय करतात? चार इंची चकती झिजून लहान झाली, खोल कापत नाहीं, म्हणून वरचें टोपण काढून टाकतात आणि सात इंची चकती चढवितात. त्या मोठ्या चकतीवर स्पष्ट छापलेलें असतें कीं, मिनिटाला ८,५०० फेऱ्यांहून अधिक नको. ती ११,००० वर फिरली कीं कडेचा वेग ताशीं सुमारें ३७० किलोमीटर, आणि ताण ठरलेल्या मर्यादेच्या दीडपटीहून अधिक. टोपण तर आधींच काढलेलें. मग चकती फुटली कीं तुकडा जावयाचा कोठें? समोर धरणाराचें तोंड असतें.

माझी गोष्ट याहून निराळी नाहीं. आमच्या कारखान्यांत सहाणेपुढील टेंकू चाकापासून बोटभर दूर गेला होता. चाक झिजतें तसा टेंकू जवळ सरकवावा लागतो, त्याला दोन मिनिटें लागतात. तीं दोन मिनिटें आम्हांला कोणी देत नव्हतें, आणि आम्हीही मागितलीं नाहींत. लहानसा जिन्नस त्या फटींत ओढला गेला, चाक फुटलें. चष्मा खुंटीवर टांगलेला होता. मालक म्हणाले, “नशिबाचा खेळ आहे.” घरीं आलों तर आई म्हणाली, “साडेसाती होती.” दोघांचेंही बोलणें एकच झालें. त्यांत त्या बोटभर फटीचें नांव नव्हतें.

मंडळी, दसऱ्याच्या आदल्या दिवशीं खंडेनवमीला आपण यंत्रांची पूजा करतों. हार घालतों, लिंबू कापतों, गंध लावतों. आपल्या हत्याराचा मान ठेवावा, यांत वावगें कांहीं नाहीं. पण ज्या यंत्राला हार घातला त्याचें टोपण कोपऱ्यांत धूळ खात पडलेलें मी दुकानांदुकानांतून पाहिलें आहे. हारानें तुकडा अडत नाहीं, टोपणानें अडतो. लिंबू कापल्यानें डोळा वांचत नाहीं, चष्म्यानें वांचतो. हा सरळ हिशेब आहे. त्याला ना पोथी लागते, ना पंचांग. पूजा करावयाचीच तर अशी करा: त्या दिवशीं टोपण बसवा, टेंकू जवळ घ्या, फाटलेली वायर बदला. यंत्राला नैवेद्य द्यावयाचा तो हाच.

आतां नियम सांगतों. ते पाठ करा, आणि घरीं गेल्यावर मुलांना सांगा.

पहिला नियम चाक पारखण्याचा. बाजारांत मडकें घेतांना आपली बाई तें टिचकी मारून वाजवून पाहते. भाजलेलें चाकही तसेंच पारखावें. भोंकांत बोट घालून तें टांगावें आणि लाकडी मुठीनें कडेजवळ हलकेंच ठोकावें. खणखणीत वाजलें तर सबंध. बद्द वाजलें तर आंत तडा आहे, तें फोडून टाकावें, म्हणजे दुसरा कोणी चढविणार नाहीं. राळेची चकती अशी वाजत नाहीं. तिच्या कडा तपासाव्या, आणि मधल्या लोखंडी कड्यावर वापरण्याची मुदत छापलेली असते ती वाचावी. औषधाच्या बाटलीची तारीख पाहतों, तशी हिचीही पाहावी.

दुसरा नियम वेगाचा. चाकावर लिहिलेले फेरे यंत्राच्या फेऱ्यांहून अधिक असलेच पाहिजेत. आंकडे वाचतां येत नसतील तर शाळेंतल्या पोराकडून वाचून घ्या. त्यांत लाज नाहीं. न वाचतां चढविण्यांत लाज आहे.

तिसरा नियम चढविण्याचा. चाक आंसावर ठोकून बसवूं नये. दोन्हीं बाजूंच्या चकत्या सारख्या आकाराच्या असाव्या, मध्यें कागदी चकती असावी, आणि नट बेताचा आवळावा. नवें चाक चढविल्यावर टोपण लावून, आपण बाजूला उभें राहून, निदान एक मिनिट तें रिकामें फिरूं द्यावें.

चौथा नियम टेंकूचा. टेंकू आणि चाक यांत तीन मिलिमीटरांहून अधिक फट नको. दोन रुपयांची दोन नाणीं एकावर एक ठेवून बसतील न बसतील, एवढीच. फट कमी करावयाची ती चाक थांबवून, फिरत असतांना नव्हे.

पांचवा नियम घासण्याचा. ओट्यावरच्या सहाणेच्या चाकाच्या तोंडावर घासावें, कुशीवर नव्हे. कुशीवर दाबलें कीं चाक पातळ होऊन मोडतें. तसेंच कापण्याच्या पातळ चकतीनें घासूं नये. कोयत्याला धार लावतांना वरचेवर पाण्यांत बुडवावा. धार निळी पडली कीं लोहारानें दिलेलें पाणी उतरलें समजा. मग तो कोयता दिसेल चकचकीत, पण दोन फांद्यांत बोथट होईल. घाई केल्यानें हत्यारही जातें आणि हातही जातो.

सहावा नियम अंगावरच्या कपड्यांचा. डोळ्यांवर बाजूनेंही झांकणारा चष्मा हवा. उन्हाचा काळा चष्मा कामाचा नव्हे. कानांत बोळे, तोंडावर चांगली पट्टी. ओट्यावरच्या सहाणेजवळ उपरणें, सैल बाही, हातांत चिंधी किंवा सुती मोजे नकोत. चाक त्यांना धरतें आणि त्यांच्या मागून हाताला ओढतें. हातांतलें ग्राइंडर दोन्हीं हातांनीं, मूठ लावून धरावें. चकती अडकली कीं तें मागें उसळतें. तेव्हां मान व मांडी तिच्या रेषेंत नसावी.

सातवा नियम आग आणि पाणी यांचा. आपल्या गोठ्यांत पेंढा, माळ्यावर गवत. ठिणगी पेंढ्यांत शिरली तर तासाभरानें धूर निघतो, आणि तोंवर माणूस जेवावयास गेलेला असतो. म्हणून घासणें उघड्यावर, आणि काम झाल्यावर जागा पुन्हां पाहावी. पावसाळ्यांत ओल्या पायांनीं यंत्राला हात लावूं नये. तीन पायांची पिन, जमिनीची तार आणि वीज गळतांच आपोआप बंद होणारा खटका, हे तीन हवेतच. २२ जुलै २०२१ च्या पुरांत महाडांतलीं कितीतरी दुकानें चिखलांत बुडालीं होतीं. असा पूर पुन्हां आला तर ध्यानांत ठेवा: मोटार सुकवून, जाणकाराकडून तपासल्याशिवाय चालू करूं नका; आणि बुडालेलीं चाकें व चकत्या वांचविण्याचा मोह धरूं नका. चाक एका अंगानें पाणी पितें, मग फिरतांना त्याचा तोल जातो.

आतां धुळीचें बोलतों. इंग्लंडांत शेफील्ड नांवाचें शहर सुऱ्याकात्र्यांकरितां प्रसिद्ध आहे. दीड-दोनशें वर्षांपूर्वीं तेथें कोरड्या दगडावर जेवणाचे काटे घासणारे कामगार तिशी-पस्तिशींत छाती भरून मरत. धूळ ओढून नेणारी योजना निघाली, तर कामगारांतलेच कांहीं तिला विरोध करीत. कां, तर आयुष्य वाढलें म्हणजे या धंद्यांत माणसें वाढतील आणि मजुरी उतरेल! दारिद्र्य माणसाला कोठवर नेतें तें पाहा. आपल्याकडे जात्याला टाकी लावणारे, पाथरवट, दगडखाणींतले मजूर यांच्या छातींत तीच धूळ जाते. तिला खोकल्याचें औषध नाहीं. दगडावर पाणी मारून काम करणें, वाऱ्याच्या दिशेस पाठ करणें, नाकावर नीट पट्टी बांधणें, एवढाच उपाय, आणि तो आधींच करावयाचा असतो.

आयाबहिणींनो, गिरणीचें आतां तुम्हांला सांगतों. गिरणींतला खरा वैरी दगड नव्हे, पट्टा आहे. पट्ट्याला जाळी नसेल तर पदर, ओढणी किंवा मोकळी वेणी त्यांत जाते, आणि हांक मारण्याइतका वेळ राहत नाहीं. दळण टाकतांना पदर खोचा, केस बांधा, लेकरूं कडेवर घेऊन पट्ट्याजवळ जाऊं नका. दाणे अडकले तर चाडींत हात घालूं नका. गिरणी थांबवून काठीनें मोकळे करा. गिरणीवाल्याला सांगा कीं, पट्ट्याला जाळी बसवल्याशिवाय आमच्या वाडीचें दळण येणार नाहीं. एकटीनें सांगितलें तर तो हंसेल. दहाजणींनीं सांगितलें तर दुसऱ्या दिवशीं सुताराला बोलावील. घरघंटी असेल तर झांकण उघडण्यापूर्वीं पिन काढा. नुसतें बटन बंद केल्यानें भागत नाहीं.

आणि इतकें करूनही कांहीं झालें तर? डोळ्यांत कण गेला तर चोळूं नका. पदराच्या टोंकानें कोरूं नका, जिभेनें काढूं नका, दूध घालूं नका. स्वच्छ पाण्यानें धुवा. न निघाला, किंवा रुतलेला दिसला, तर हलकेंच झांकून त्याच दिवशीं डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. लोखंडाचा कण डोळ्यांत एका दिवसांत गंजूं लागतो. बोट तुटलें तर तें स्वच्छ ओल्या फडक्यांत गुंडाळून पिशवींत घाला, ती पिशवी बर्फांत ठेवा, बोट थेट बर्फांत नको. जखम दाबून धरा आणि मोठ्या रुग्णालयाची वाट धरा. हळद भरत बसूं नका.

शेवटचा मुद्दा हक्काचा. अपघात झाला कीं मालक नशिबाकडे बोट दाखवितो. हें बोट मुरडण्याचें काम आपल्यापैकींच एकानें फार पूर्वीं सुरू केलें. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं मुंबईच्या गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या. साडेपांच हजारांच्या आसपास सह्यांचा अर्ज सरकारकडे गेला. त्यांत रविवारच्या सुटीची मागणी होती, हें पुष्कळांना ठाऊक आहे. पण त्यांत हेंही मागणें होतें कीं, काम करतांना जायबंदी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पुरा पगार मिळावा, आणि जन्माचा पंगु झाला तर त्याच्या पोटाची सोय व्हावी. कोंकणांतल्या कितीतरी घरांचे चाकरमाने त्या गिरण्यांत होते. हें मागणें त्यांच्याकरितां होतें. पुढें १९२३ सालीं नुकसानभरपाईचा कायदा झाला. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३० व्या कलमानें तर असें सांगितलें कीं, जेथें घासण्याचें काम चालतें तेथें प्रत्येक यंत्रावर चाकाचा सुरक्षित वेग लिहिलेली पाटी लावावी. २०२५ च्या नोव्हेंबरांत या कायद्यांची जागा नव्या संहितांनीं घेतली. पण दोन-चार माणसांच्या दुकानाला कारखाना कायदा तेव्हांही लागूं नव्हता. जेथें निरीक्षक येत नाहीं तेथें आपणच आपले निरीक्षक झालें पाहिजे. कामाला लागतांना पगार विचारतां, तसें चष्मा आणि टोपण आहे काय, हेंही विचारा. आणि हाजरीच्या वहींत आपलें नांव चढलें आहे कीं नाहीं तें पाहा. नांव नसेल तर अपघाताच्या दिवशीं मालक म्हणेल, हा मनुष्य आमचा नव्हेच.

ही वाडी हिरकणीच्या नांवाची. गडाचे दरवाजे बंद झाले म्हणून ती गवळण रात्रीं कडा उतरली, ही कथा येथें लेकरालाही ठाऊक आहे. तिनें जीव धोक्यांत घातला तो तान्ह्या लेकरासाठीं. आपण घालतों तो दोन मिनिटें वांचविण्यासाठीं. आणि कथेचा पुढचा भाग आपण विसरतों. महाराजांनीं तिचें कौतुक केलें. पण वाट तशीच मोकळी ठेवली नाहीं. जेथून ती उतरली तेथें बुरूज बांधला, असें सांगतात. म्हणजे शौर्याचा मान केला आणि धोक्याची जागा बंद केली. शहाण्या धन्याचें लक्षण हेंच. तो बुरूज म्हणजेच आपल्या चाकावरचें टोपण.

१९९६ सालापासून या वाडींतून रोपवे गडावर जाऊं लागला. त्याचा दोर तपासलेला नाहीं असें कळलें तर तुमच्यापैकीं कोणी त्या पाळण्यांत बसेल काय? नाहीं ना? मग उद्यां सकाळीं आपल्या दुकानांतल्या चाकाला वाजवून पाहा. मला दोन डोळे असते तर मी तुमच्यापैकीं मागें बसलेल्या मुलांचीं तोंडें नीट पाहिलीं असतीं. तुमचे दोन आहेत. ते दोनच राहोत, एवढें मागून मी खालीं बसतों.